किंग्ज सर्कलचा कॅपिटल एस
माटुंग्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची इंग्रजी यादी कुणी सगळी कॅपिटल, तर कुणी सगळी स्मॉल अक्षरांत भरली होती. स्प्रेडशीटच्या शेजारच्या रकान्यात प्रॉपर हे प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान करणारे सूत्र घालून खालपर्यंत ओढताच ती क्षणात देखणी झाली. सगळी अक्षरे मोठी करणारे अप्पर आणि सगळी लहान करणारे लोअर ही सूत्रे तर निर्धास्तपणे वापरावीत. प्रॉपरचा निकाल मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो, कारण चिन्हानंतर येणारे अक्षरही ते मोठे करते. त्यामुळे पत्त्यातील ‘किंग्ज सर्कल’मध्ये अपॉस्ट्रॉफीनंतरचा एस कॅपिटल होतो, आणि ‘म्हाडा’ या संक्षेपात केवळ एम मोठा उरतो. दोन्ही चुका सबस्टिट्यूट या एका मजकुराच्या जागी दुसरा घालणाऱ्या सूत्राने सुधारता येतात. मूळ रकाना पुसण्यापूर्वी निकाल ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने, म्हणजे सूत्राशिवाय नुसता मजकूर म्हणून, चिकटवावा, अन्यथा सूत्रांचा आधारच नाहीसा होतो.