पोएम की हेलर? दोन दुर्बिणी आणि तीन उश्या

बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिकेची ती पक्ष्याची चोच दिसली, नाकात नळी घालून मोजून दहा घोट पाणी गिळत मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी झाली, अकॅलेशिया ठरला, म्हणजे अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना नीट उघडतच नाही असं निघालं, की घरात एकच वाक्य फिरायला लागतं : "दुर्बिणीनेच करून घे." आमची आईही तेच म्हणत होती. पंचाईत अशी की पोएम आणि हेलर, या त्यावरच्या दोन्ही ऑपरेशनांत दुर्बीण आहे. पोएममध्ये ती तोंडातून जाते, हेलरमध्ये पोटाला चार-पाच छिद्रं पाडून. कापायचा स्नायूही तोच, अन्ननलिका जठराला मिळते तिथला.

झडपेत फुगा फुगवून ती ताणतात, त्या बलूनबद्दल फार लिहीत नाही. मी एकदा फुगवून घेतला, आठ महिने बरे गेले, मग भाकरी पुन्हा छातीत अडकायला लागली. "परत एकदा बघू" ऐकल्यावर तो विषय मी माझ्यापुरता मिटवला. कुणाकुणाला वर्षानुवर्षं पुरतोही म्हणे.

पोएम मी जवळून पाहिली ती मावसभावाची. पद्धत तशी नवी, जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली पहिल्यांदा माणसावर केलेली. अन्ननलिकेच्या अस्तराला आतून बारीकशी चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा करत जठरापर्यंत उतरायचं, तिथे स्नायू कापायचा आणि परतताना चीर क्लिपा लावून बंद करायची. भाऊ सोमवारी दाखल झाला, गुरुवारी घरी. अंगावर ओरखडा नाही. ऑपरेशन झालंय हे शेजाऱ्यांना पटवायला त्याला फाइल दाखवावी लागली.

हे बघून मीही मनाने पोएमकडेच झुकलो होतो. अडलं ते उश्यांवर.

ज्यांना हा आजार आहे त्यांना उश्यांचं वेगळं सांगायला नको. आडवं झालं की रात्रीचा वरणभात घशाशी येतो, मध्यरात्री ठसका लागून जाग येते, अभ्र्यावर डाग पडलेला असतो. तीन वर्षं मी तीन उश्या रचून बसल्यासारखा झोपलो. मान धरायची ती वेगळीच. पाहुण्यांकडे मुक्कामाला जायचं सोडलं, कारण चारचौघांत तीन उश्या मागायची लाज वाटायची. मला गिळायला तर यायला हवंच होतं, पण त्याहून जास्त सपाट झोपायचं होतं.

आणि पोएमचं नेमकं दुखणं हे की झडप मोकळी होते, तिच्यावर झाकण मात्र बसत नाही. आधी अन्न वर यायचं, आता आम्ल येऊ शकतं. हेलर करताना सर्जन त्याच बैठकीत जठराचा वरचा भाग कापलेल्या स्नायूवर पुढून ओढून शिवतात. त्याला डॉर म्हणतात. युरोपातल्या रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिलेला एक अभ्यास २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. दोन वर्षांनी गिळण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारख्याच : पोएम ८३ टक्के यशस्वी, हेलर साधारण ८२. पण एंडोस्कोपीत आम्लाने अन्ननलिका सुजलेली दिसली ती पोएमवाल्यांत ४४ टक्के जणांना, हेलरवाल्यांत २९. म्हणजे हेलरनेही शंभर टक्के सुटका नाही, हे मला मान्य आहे.

भावाला जळजळ अशी कधी जाणवलीच नाही. वर्षभराने तपासणीची एंडोस्कोपी झाली तेव्हा आत सूज निघाली. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास थांबून चहा, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा. तो मजेत आहे, मिसळ खातो, गोळीचं त्याला काही वाटत नाही. मला वाटलं असतं.

मी हेलर केली. त्रास झाला नाही असं नाही. पोटात भरलेल्या गॅसमुळे दोन दिवस खांदा असा ठणकत होता, की पोटापेक्षा खांद्याचंच ऑपरेशन झालंय असं वाटावं. आधी पातळ, मग मऊ भात, असे तीन आठवडे काढले. बेंबीच्या वरचा एक व्रण अजून खाजतो.

गंमत म्हणजे तोंडातली दुर्बीण तिथेही सुटली नाही. सर्जननी नंतर व्हिडिओ दाखवला. स्नायू कापून झाल्यावर त्यांनी तोंडातून एंडोस्कोप घातला. उरलेलं पातळ अस्तर आतल्या दिव्याने कंदिलाच्या कागदासारखं उजळलं. मग बाहेरून त्यावर पाणी सोडलं आणि आतून हवा भरली. सायकलवाला ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतो ना, अगदी तसंच. बुडबुडा आला नाही, तेव्हा डॉर शिवलं. तुमचे सर्जन हे करतात का, एवढं मात्र आधी विचारा.

माझा अकॅलेशिया दुसऱ्या प्रकारचा होता. तिसऱ्या प्रकारात अन्ननलिका वरपर्यंत आवळत असते, तिथे लांब काप द्यावा लागतो आणि तो आतूनच नीट देता येतो. तुमच्या रिपोर्टवर 'टाइप तीन' लिहिलं असेल तर माझं उश्यांचं पुराण बाजूला ठेवा आणि पोएमचा हात बसलेला डॉक्टर शोधा. पोटावर आधी मोठी ऑपरेशनं झालेली असतील तरीही बहुधा तेच बरं. बाकीच्यांनी दोन्हीकडे विचारून बघावं.

मी एका उशीवर झोपतो. उरलेल्या दोन कपाटात आहेत. भाऊ मुक्कामाला आला की लागतात.