वळणावर भेगा दिसल्या: आधी ग्रीस की आधी ग्राइंडिंग?

वळणावरच्या बाहेरच्या रुळाच्या गेज कॉर्नरवर (माथ्याच्या आतल्या कडेवर) केसाएवढ्या तिरक्या भेगांची रांग दिसली की पी-वेच्या, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या, माणसापुढे दोन मार्ग असतात. ग्रीस वाढवायचं, नाहीतर रुळाचा वरचा थर घासून काढणारं ग्राइंडिंग मशीन मागवायचं. ग्रीस स्वस्त आणि हाताशी असतं, म्हणून पहिला हात तिकडेच जातो. माझं मत उलटं आहे: भेगा पडलेल्या असतील तर आधी ग्राइंडिंग.

रूळ नवा असेल, तर ग्रीसला तोड नाही. कोरड्या रुळावर घर्षणांक ०.५ च्या आसपास असतो. तो साधारण ०.३ च्या खाली ठेवला तर सर्वांत जास्त शिअर स्ट्रेस (पोलादाचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) रुळाच्या पोटात, काही मिलिमीटर खोलीवर राहतो. त्यापेक्षा वाढला की तो थेट पृष्ठभागावर येतो. मग प्रत्येक चाकागणिक वरचं पोलाद एकाच दिशेला कणाकणाने सरकत जातं आणि सोसवेनासं झालं की वरूनच फाटतं. म्हणजे घर्षण कमी ठेवणं हा भेग पडू न देण्याचा उपाय झाला.

एकदा भेग पडली की हिशोब फिरतो, कारण आता घर्षणं दोन. एक चाक आणि रुळामधलं, दुसरं भेगेच्या दोन पाकळ्यांमधलं. हे दुसरं आपल्या बाजूने असतं: कोरड्या पाकळ्या चाकाखाली एकमेकींवर दाबल्या जातात आणि घसरायला विरोध करतात. तेल किंवा पाणी आत शिरलं की तो विरोध संपतो. १९३५ साली स्टुअर्ट वे यांनी रोलरवरच्या प्रयोगांत दाखवलं, की पृष्ठभागावर खड्डे पाडणाऱ्या अशा भेगा वाढायला वंगण लागतं. पूर्ण कोरड्यात त्या जवळपास थांबतात. रुळाचंही तेच: कोरड्यात जन्मलेली भेग पावसाळ्यात वेग घेते.

इथे कोन महत्त्वाचा ठरतो. पृष्ठभागाशी १५ ते ३० अंशांत कललेली उथळ भेग पाण्याच्या बाबतीत सगळ्यांत वाईट. चाक आधी तिच्या तोंडावरून गेलं तर तोंड मिटतं, पाणी आत कोंडतं आणि टोकाकडे रेटलं जातं. चाक टोकाच्या बाजूने आलं तर तेच पाणी पिळून बाहेर पडतं. गाड्या एकाच दिशेने धावणाऱ्या मार्गावर भेगा बहुधा वाहतुकीच्या दिशेने खाली झुकतात, म्हणजे नेमकी पहिली स्थिती. उभट भेगेत पाण्याचा हा खेळ कमी चालतो, पण तिची भीती वेगळी आहे: थंडीत आखडलेल्या लाँग वेल्डेड (वेल्डिंगने जोडून सलग केलेल्या) रुळातला ताण तिला उघडतो आणि रूळ आडवा तुटतो. उथळ भेग वर वळली तर फक्त खपली उडते. खाली वळली तर ती उभट होते.

पृष्ठभाग पाहून हा कोन कळत नाही. यूएसएफडीवाल्यालाही (अल्ट्रासोनिक ध्वनिलहरींनी रूळ तपासणाऱ्यालाही) अडचण येते, कारण वरच्या उथळ भेगा ध्वनिलहरी अडवतात आणि खालची उभट भेग त्यांच्या सावलीत लपते. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफिल्डला वळणावरचा रूळ अशाच भेगांमुळे फुटून तुकडे तुकडे झाला, चार प्रवासी दगावले.

ग्रीसचा आणखी एक तोटा सहसा कुणी मोजत नाही. घासून झीज होते तेव्हा कोवळ्या भेगाही पुसल्या जातात. ग्रीसने झीज थांबली की भेगा जागेवर राहून मुरतात. ग्राइंडिंग म्हणजे तीच झीज, पण मोजून मापून केलेली. मात्र भेग खोल गेली असेल तर मशीनही उपयोगाचं नाही, रूळच बदलावा लागतो. म्हणून मशीन मिळेपर्यंत थांबायचं असेल, तर यूएसएफडीच्या फेऱ्या वाढवा.

ग्राइंडिंग झाल्यावर ग्रीस जरूर लावा, पण फक्त गेज फेसला, म्हणजे रुळाच्या आतल्या उभ्या बाजूला. माथ्यावर ते सांडता कामा नये. कसारा किंवा बोर घाटातल्या १:३७ च्या चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतील. माथ्यासाठी घर्षणांक ०.३ ते ०.३५ वर धरून ठेवणारं फ्रिक्शन मॉडिफायर वेगळं मिळतं.