आयरिश नाव ठेवायचं, पण स्पेलिंग कुठलं?

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरात बाळासाठी आयरिश नाव पसंत पडलं, तरी घोडं अडतं स्पेलिंगपाशी. मूळ आयरिश ठेवायचं की इंग्रजी वळणाचं? सरसकट उत्तर नाही. नाव बघून ठरवावं.

मेव्ह घ्या. आयरिश पुराणकथांत कूलीच्या बैलासाठी अल्स्टर प्रांतावर चालून गेलेली कॉनॉक्ट प्रांताची राणी. अर्थ 'धुंद करणारी'. जुन्या हस्तलिखितांत एम-ई-डी-बी, पुढे एम-ई-ए-डी-एच-बी-एच. विसाव्या शतकाच्या मध्यात आयरिशचं शुद्धलेखन सोपं झालं, मुकी अक्षरं गळाली आणि एम-ई-ए-बी-एच उरलं. त्यातल्या ई वर 'फादा', म्हणजे तिरकी रेघ. इंग्रजी रूप एम-ए-ई-व्ही-ई. हे आयर्लंडमध्येही पूर्ण रुळलंय, उच्चारही चुकत नाही. मी डोळे झाकून हेच घेईन.

नीव्हच्या बाबतीत मात्र माझं मत उलटं. एन-आय-ए-एम-एच, अर्थ तेज. पुराणकथांतल्या कवी-योद्धा ओशीनला पांढऱ्या घोड्यावरून चिरतारुण्याच्या देशात, तीर ना नोगला नेणारी ती हीच. एम-एच चा उच्चार 'व्ह' कसा, हे कोडं वाटतं, पण नियम साधा आहे. जुन्या गेलिक लिपीत मऊ उच्चाराच्या अक्षरावर टिंब द्यायचे. रोमन छपाईत टिंबाच्या जागी एच आला. म्हणून बी-एच आणि एम-एच दोन्ही बहुधा 'व्ह' किंवा 'व'. एवढं एकदा कळलं की शिव्हॉनही (एस-आय-ओ-बी-एच-ए-एन) वाचता येतं. एन-आय-ई-व्ही-ई लिहिलं, तर भारतात वाचायला सोपं जाईल, पण आयर्लंडमध्ये मुलीला जन्मभर 'असं का लिहितेस?' ऐकावं लागेल. मूळच ठेवा.

सीर्शा, एस-ए-ओ-आय-आर-एस-ई, म्हणजे 'स्वातंत्र्य'. पुराणकथांत हे नाव नाही. विसाव्या शतकात, स्वातंत्र्याच्या ओढीतून आलं. उच्चार दोन-तीन चालतात. अभिनेत्री सीर्शा रोनन स्वतःचं नाव 'सर्शा' असं सांगते. उच्चाराप्रमाणे स्पेलिंग केलं की मूळ शब्दच पुसला जातो. मला ते अजिबात पटत नाही.

ईफा (ए-ओ-आय-एफ-ई) या नावाऐवजी ईव्हा सुचवतात, पण ते वेगळंच नाव आहे. 1170 मध्ये वॉटरफर्डला नॉर्मन सरदार स्ट्राँगबोशी लग्न झालेल्या लेन्स्टरच्या राजकन्या ईफाला इंग्रजी लिखाणात ईव्हा केलं, तेव्हापासूनची ही सरमिसळ.

मुलांत कीअन. अर्थ 'पुरातन, दीर्घकाळचा'. आयरिशमध्ये सुरुवात सी ने, आणि भारतात त्याचं हमखास 'सियान' होतं. सुट्ट्या आजोळी जाणार असतील तर के बरा. फक्त के-आय-ए-एन हे फारसी नावही आहे, हे माहीत असू द्या.

शॉनला (एस-ई-ए-एन) फादा हवाच, कारण ए वरची रेघ गेली की आयरिशमध्ये तो शब्द 'म्हातारा, जुना' असा होतो. 2021 च्या आयरिश भाषा कायद्यानुसार सरकारी कार्यालयांना फादासह नाव नोंदवता यायला हवं, तेव्हा जन्मनोंदणीचा फॉर्म भरतानाच तो ठळक द्या. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळींत नावासाठी ए ते झेड अक्षरंच चालतात, तिथे फादा नसतो. विमानाचं तिकीट काढताना तो गाळला तरी हरकत नाही.