काचेची फाईल तुटली : घरच्या मॅनिक्युअर सेटचा ८ महिन्यांचा अनुभव

काल नखं घासायची काचेची फाईल वापरून झाली, नेहमीसारखी नळाखाली धूत होते, साबणाचा हात, निसटली आणि मोरीच्या फरशीवर पडून दोन तुकडे. खरं सांगते, रडू आलं. घरातले म्हणाले २२० रुपयांच्या वस्तूसाठी एवढं काय, पण गेले सहा महिने माझी नखं जी काही नीट दिसतायत ती त्या एका फाईलमुळे, म्हणून आज लिहायलाच बसले.

सेट नेहमीचाच, १२ वस्तूंचा स्टीलचा, चेनच्या पाऊचमधला, ऑनलाइन ३४९ ला घेतला मागच्या दिवाळीत. मी बँकेत कॅश काउंटरला बसते, दिवसभर लोकांची नजर हातावरच असते आणि आमच्याकडे पार्लरमध्ये साध्या मॅनिक्युअरचे ५०० घेतात, दर महिन्याला ते देणं मला जिवावर यायचं. पहिल्या आठवड्यात मी याच सेटला पाच स्टार दिले होते, ते आता दोनवर आणतेय. नेलकटर खरंच उत्तम आहे, धार अजून तशीच आहे. कातडी मागे सारायचा पुशरही ठीक. पण कातडी कापायच्या निपरची स्प्रिंग तिसऱ्या आठवड्यात सैल झाली, कस्टमर केअरला चार फोन केले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी फोटो पाठवा, आणि शेवटी उत्तर काय तर रिटर्नचे ७ दिवस संपले. स्प्रिंग सैल म्हणजे पातं सरळ बसत नाही, कातडी कापायच्या ऐवजी ओढली जाते. तशी अंगठ्याची ओढली गेली आणि नखुर्डं झालं. सासूबाईंनी लिंबात बोट घालून ठेवायला लावलं, रात्रभर ठणकत होतं, शेवटी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या घ्याव्या लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं की नखाच्या मुळाशी जी जिवंत कातडी असते ती जंतूंना आत जाऊ देत नाही, ती कापायचीच नाही. नखावर चिकटलेला पातळ सुका पापुद्रा तेवढा मागे सारायचा, बस. तेव्हापासून निपर पाऊचमध्येच पडून आहे, आणि नुसती कातडी मागे सारली तरी हात तितकेच स्वच्छ दिसतात, तेव्हा ते हत्यार मुळात कशाला लागतं तेच कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, फाईल. सेटमधली धातूची फाईल म्हणजे ती खरखरीत पट्टी, सगळ्यांच्या घरी असते. मी तिने दोन अडीच महिने नखं घासली, पुढे मागे पुढे मागे, आणि डिसेंबर संपेपर्यंत दहापैकी सहा नखांचे टोकाला पापुद्रे सुटायला लागले. मला वाटलं कॅल्शियम कमी झालं, गोळ्याही सुरू केल्या. जानेवारीत नणंद आली, तिने ब्युटीचा कोर्स केलाय, मला नखं घासताना बघून म्हणाली, ‘अगं वहिनी, करवत चालवल्यासारखं काय करतेयस, नखाचे थर उचकटतात त्याने.’ नख म्हणजे एकसंध पत्रा नाही, एकावर एक थर असतात आणि खरखरीत धातू दोन्हीकडून ओढला की कडेचे थर एकमेकांपासून सुटतात. तिने तिच्या पर्समधली काचेची फाईल दिली वापरायला, आणि मी त्याच रात्री तशी मागवली.

काचेच्या फाईलचे दाणे काचेतच कोरलेले असतात, वरून चिकटवलेले नसतात, म्हणून ते झिजत नाहीत, गंजत नाहीत, पाण्याने धुतलं की झालं. स्वस्तात जी मिळते तिच्यावर कधी कधी नुसता खरखरीत थर लावलेला असतो, तो दोन महिन्यात गुळगुळीत होतो, घेताना नीट बघा. घासायची एकाच दिशेने, बाहेरच्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, मग दुसऱ्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, अगदी हलक्या हाताने. आवाजच वेगळा येतो, धातूचा कर्रकर्र येतो, अंगावर काटा आणणारा, हिचा नुसता सुस्स. आणि माझी परीक्षा ठरलेली आहे, जुनी रेशमी ओढणी घ्यायची आणि प्रत्येक नखाची कड तिच्यावरून ओढायची. धागा जराही अडकला तर ते नख झालेलं नाही. धातूच्या फाईलने माझं एकही नख या परीक्षेत कधी पास झालं नाही. काचेच्या फाईलने पहिल्याच दिवशी दहाच्या दहा. पैठणी नेसताना निऱ्या करायला घेतल्या की काळजात धस्स व्हायचं ते थांबलं. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे खराब टोकं कापली जायला एप्रिल उजाडला, पण त्यानंतर एकही पापुद्रा नाही.

दोन गोष्टींवर माझं मत मधेच बदललं तेही सांगते. आधी मी कोमट पाण्यात शाम्पू घालून १० मिनिटं हात बुडवायचे, पार्लरसारखं. मग लगेच नेलपेंट लावलं की तिसऱ्या दिवशी टवके. नख पाणी पितं, फुगतं आणि सुकलं की परत आकसतं, वरचं पेंट मात्र तसं आकसत नाही. आता नेलपेंट लावायचं असेल त्या दिवशी पाण्यात बुडवतच नाही, कोरडंच घासते, रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवून तेलकटपणा काढते आणि मग बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक हात. पेंट पाच सहा दिवस आरामात टिकतं, भांडी घासूनसुद्धा. दुसरं म्हणजे बफर, नखं घासून चकचकीत करायचा तो ठोकळा. चकाकी बघून मी दर रविवारी घासायचे, मार्चमध्ये लक्षात आलं की नखं दाबली की वाकतात, चक्क पातळ झाली होती. आता महिन्यातून एकदाच, तेही दोन चार हात.

पेंट लावताना बाटली हलवायची नाही, तळहातात फिरवायची, नाहीतर बुडबुडे येतात. दोन पातळ हात, मधे निदान दोन मिनिटं, आणि ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवायचा, टवके तिथूनच सुरू होतात. उजव्या हाताला लावताना डाव्या हाताची करंगळी टेबलावर टेकवून ठेवते, कंप कमी होतो. रात्री लावून लगेच झोपू नका, वरून सुकलं तरी आत ओलं असतं, चादरीचा ठसा उमटतो. आणि फिक्या रंगाला हळद लागते, पोह्यांची फोडणी आणि बेबी पिंक यांचं जमत नाही, मी सरळ मरून रंग लावते.

मैत्रिणी म्हणतात घरीच लॅम्पचा जेल सेट घे, म्हणजे दिव्याखाली धरून पक्कं करायचं ते जेल नेलपेंट. नाही घेणार. जेल नीट पक्कं झालं नाही आणि कातडीला लागत राहिलं तर ऍलर्जी होऊ शकते आणि ती जन्मभराची असते, शिवाय जेलमध्ये वापरतात त्या टीपीओ नावाच्या घटकावर युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातलीये. मला नोटा मोजायच्या असतात, बोटं खाजवत बसायला परवडणार नाही.

खर्च म्हणाल तर सेट ३४९, फाईल २२०, बेस कोट आणि टॉप कोट (रंगावरचा शेवटचा हात) मिळून ४५०, नखांना लावायचं तेल घरचं खोबरेल. म्हणजे १०१९ रुपये आठ महिन्यात, पार्लरमध्ये ४००० गेले असते. आज परत घ्यायचं झालं तर मी सेट घेणारच नाही, फक्त चांगलं नेलकटर, पुशर आणि काचेची फाईल.

तुटलेला मोठा तुकडा वापरावा म्हणून टोकाला चिकटपट्टी लावून बघितली, पण काच ती काच, मुलगी ड्रॉवरमध्ये हात घालते, म्हणून कागदात गुंडाळून, वर काच असं लिहून टाकून दिला. दोन नव्या मागवल्यात, त्या सोमवारी येणार. रविवारी डोहाळजेवण आहे आणि उजव्या तर्जनीचा कोपरा ओढणीत अडकतोय, पण ती धातूची पट्टी मी हातात घेणार नाही.