वाढलेलं वीजबिल: फ्रिज बदलावा, पंखे बदलावेत की छतावर सोलर बसवावा?

महिन्याला २७० युनिटच्या आसपास राहणारं आमचं बिल ३३५ वर गेलं, तेव्हा घरात तीन मतं पडली. आईचं म्हणणं फ्रिज जुना झालाय, भावाचं म्हणणं सोलरच लावून टाकू, आणि मला पंखे बदलायचे होते. पैसे एकाच गोष्टीपुरते होते. तुम्हीही याच पेचात असाल, तर खरेदीच्या आधी दहा मिनिटं मीटरसमोर उभे राहा.

त्याआधी बिलावरचं मागचं आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. सरासरीवर बिल लावलेलं असेल, तर घरात काही शोधण्यात अर्थ नाही. आमचं रीडिंग बरोबर होतं. मीटरवर ३२०० इम्प छापलं होतं, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. रात्री दोन पंखे, फ्रिज आणि वायफायचा राउटर एवढंच चालू असताना मिनिटाला १७ वेळा लुकलुक होत होती, म्हणजे साधारण ३२० वॅट. फ्रिजचं बटण बंद केल्यावर ती ९ वर आली. दीडशे वॅट एकटा फ्रिज ओढत होता. त्यालाही हरकत नव्हती, पण त्याचा कंप्रेसर थांबतच नव्हता! दीडशे वॅट चोवीस तास चालले की दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. (सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणाची तरी जोडणी तुमच्या मीटरवर आहे. मग आधी वायरमनला बोलवा.)

फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढला तर तो सहज निसटला. दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, सैल पडलं होतं. नवा फ्रिज घ्यायचा तर वीसेक हजार रुपये सहज जातात, गॅस्केट काही शेकड्यांत बसतं. आम्ही गॅस्केट बदललं, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढला आणि बिल २८० वर उतरलं. अडीचशे लिटरच्या आसपासच्या बऱ्याच नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला दोनशेच्या आगेमागे युनिट लिहिलेले असतात. रबर बदलूनही कंप्रेसर थांबत नसेल, तर मात्र नवा घ्या.

आता पंखे. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास फिरणाऱ्या पंख्यावर महिन्याला १६ युनिट वाचतात. युनिटला १२ रुपये धरले तर १९२ रुपये, म्हणजे तीन हजारांचा पंखा सव्वा-दीड वर्षात वसूल. पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला तीन तास फिरणाऱ्या पंख्याला तेवढ्यासाठी पाच वर्षं लागतील, तो राहू द्या. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका, बसवताना तो काढून घ्या.

इथे स्लॅबचा हिशेब कळायला हवा. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर चढतो. ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, हा समज चुकीचा आहे. महाग होतात ते फक्त वरचे. म्हणूनच वाचलेलं प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या स्लॅबमधून वजा होतं. आपल्या बिलातल्या शेवटच्या स्लॅबच्या दरात वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा दर युनिटमागचा आकार) मिळवा, आणि माझ्या १२ च्या जागी तो आकडा घाला.

गीझरवर मी फार वेळ घालवणार नाही. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायला जेमतेम ०.३५ युनिट लागतं. उधळपट्टी होते ती तासन्‌तास बटण चालू ठेवल्याने. वीज वाचवायची म्हणून बंद बाथरूममध्ये गॅस गीझर कधीही बसवू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

भावाचा सोलर चुकीचा नव्हता, क्रम चुकला होता. १ किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. ३३५ युनिटला ३ किलोवॅट लागले असते. आता फ्रिज दुरुस्त झाला आणि दोन पंखे बदलले की अडीचशेच्या खाली येऊ, तेव्हा २ किलोवॅट जवळजवळ पुरतील. बिल शून्य होईल या आशेवर मात्र राहू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

भाड्याच्या घरात असाल तर सोलर बाजूलाच ठेवा आणि पंखे घ्या, घर सोडताना ते सोबत नेता येतात. मालकाचे जुने पंखे तेवढे जपून ठेवा, निघताना परत लावून द्यावे लागतील.