फिट केलेला माल परत नाही

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्यात, हिशेब लिहितो. दिवसभर दुसऱ्यांची बिलं उलटीसुलटी करून बघायची, जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा आहे का, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ आहे का, हेच माझं काम. आणि याच माणसाने जळगावातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून साडेअकराशेचा माल एका गुलाबी चिठ्ठीवर आणला. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, नंबर नाही. वर 'एस्टिमेट' एवढं छापलेलं आणि खाली पेनाने 'क्ल. सेट १ – ११५०', म्हणजे मोटरसायकलचा क्लच सेट. ज्यांना माझ्यासारखी घरीच गाडी खोलायची हौस आहे त्यांनी पुढचं वाचा.

गाडी दीडशे सीसीची, बासष्ट हजार चाललेली. भडगाव–पाचोरा रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरला ॲक्सिलेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी त्या मानाने पुढे जायची नाही. क्लच स्लिप होतोय हे कळत होतं. सीझन संपलेला, जिनिंगला काम कमी, एप्रिलचं ऊन. म्हटलं दोन दिवस सुट्टी आहे, आपणच क्लचच्या प्लेटा टाकू. चेन सेट, केबल, प्लग आजवर मीच बदलत आलो आहे.

दुकानात काउंटरवरच्या पोराने एकच प्रश्न विचारला, गाडी किती चालली. मी आकडा सांगितला. "मग प्लेटा गेल्याच, भाऊ. प्रेशर प्लेटा, स्प्रिंगा, पूर्ण सेटच टाका. परत परत खोलायचं काम नको." गाडी बाहेर उन्हात उभी होती. त्याने मान वळवूनही तिच्याकडे पाहिलं नाही. मी विचारलं, "ओरिजनल आहे ना?" तो म्हणाला, "डबा बघा ना भाऊ," आणि डबा पुढे सरकवला. 'हो' असं तो म्हणालाच नाही, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

डबा झकास होता. कंपनीचा रंग, कंपनीची खूण, चकाकणारा होलोग्राम. किंमत १,६८० ची, पण ती छापलेली नव्हती, वेगळ्या स्टिकरवर होती. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर टॅक्स वर लागेल." आता एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, हे मी आठवड्यातून तीनदा कुणाला ना कुणाला सांगतो. पण समोर पाचशे रुपये वाचताना दिसत होते. फोनवरून पैसे टाकले आणि निघालो. पैसे गेले ते दुकानाच्या नावावर नाही, भलत्याच कुणाच्या तरी नावावर. तेही स्क्रीनवर वाचलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, अंगणात गाडी घेतली. काम तसं अवघड नाही. ऑइल गरम असतानाच काढलं. फूटरेस्ट, किक काढली, उजव्या बाजूचं कव्हर सोडवलं. कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला. चार स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले केले आणि प्लेटा बाहेर आल्या: मसाल्याच्या, म्हणजे घासून पकड घेणारा थर लावलेल्या, पाच आणि मधल्या साध्या लोखंडी चार. त्या लोखंडी प्लेटांनाच बाजारात प्रेशर प्लेट म्हणतात. कव्हरखालचं जुनं पॅकिंग (गॅस्केट) ब्लेडने खरवडण्यात तासभर गेला. खरा वेळखाऊ भाग तोच.

नव्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नसतात, आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवायच्या. त्यासाठी पोळ्यांचा जुना स्टीलचा डबा घेतला. बायकोने तो पाहिला आणि काही बोलली नाही, म्हणजे नंतर बोलणार होती. मसाल्याची प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवलेले मसाल्याचे तुकडे. जुन्या प्लेटवर ते तुकडे एका रांगेत, कडा स्वच्छ कापलेल्या. नव्या प्लेटवर एक तुकडा थोडा तिरका, दोन तुकड्यांमधून वाळलेला गोंद बाहेर आलेला. नखाने खरवडला तर नखात पिवळी पापडी आली. शंका आली, खोटं कशाला बोलू? पण इंजिन उघडं पडलेलं, जळगावला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडणार, आणि आठवड्यावर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बसवून टाकलं. एक मात्र नशिबाने केलं: जुन्या प्लेटा, स्प्रिंगा, सगळं एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. भंगारवाल्याला दिलं असतं तर हे लिहायला माझ्याकडे अर्धीच गोष्ट उरली असती.

पहिले दोनशे-अडीचशे किलोमीटर मी खुशीत होतो, जिनिंगमध्ये दोघांना सांगूनही टाकलं की मजुरी वाचवली. मग सकाळी पहिला गिअर टाकताना गाडी झटका मारायला लागली. सिग्नलला न्यूट्रल लागेना. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकू बघायची. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं मनाला सांगत राहिलो.

बायकोचं माहेर कन्नडचं. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर गावात चर्चा होते. मागे ती, मांडीवर बॅग, आणि आम्ही चाळीसगावहून औट्रम घाटाला लागलो. चढ सुरू झाला आणि दोन वळणांतच आवाज ट्रकचा आणि चाल बैलगाडीची. दुसरा गिअर, पहिला गिअर, काही उपयोग नाही. ॲक्सिलेटर पूर्ण आणि गाडी जागेवर थरथरतेय. जळक्या वासाने डोळे चुरचुरायला लागले. मागून एका गाडीने हॉर्न वाजवला, तसा मी कडेला कठड्याशी आलो. बायको उतरली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. कठड्यावर माकडं बसली होती, त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं. "तरी मी सांगत होते, मिस्तरीकडे टाका." पोळ्यांच्या डब्याचंही तिथेच निघालं.

तिला मागून आलेल्या एसटीत बसवून दिलं. मी गाडी फिरवली आणि इंजिन बंद करून उतारावरून खाली आलो. ब्रेक शाबूत होते म्हणून हे सांगायला आहे. पायथ्यापासून चाळीसगावपर्यंत एका पिकअपवाल्याने गाडी चढवून आणली.

तिथल्या मिस्तरीने कव्हर काढलं आणि आतून काळा, चकचकीत लगदा ओघळला. एका प्लेटवरचा मसाला पूर्ण उडालेला, नुसती चकती. दुसरीवर अर्धा. लोखंडी प्लेटा तापून निळ्या पडलेल्या. मग त्याने ऑइलची जाळी काढून माझ्या हातावर दिली. जाळीला मसाल्याचे तुकडे असे चिकटले होते जसा चहाच्या गाळणीत चोथा. ही जाळी पूर्ण बंद झाली असती तर इंजिनच्या वरच्या भागाला, हेडला, तेल पोचलं नसतं आणि साडेअकराशेचा मामला इंजिनच्या कामावर गेला असता.

"भाऊ, हाऊ माल डुप्लिकेट शे," तो म्हणाला. "कितला लिधात?" मी आकडा सांगितला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मग विचारलं, "जुन्या प्लेटा कोठे शेतस?"

दुसऱ्या दिवशी भडगावहून पिशवी घेऊन गेलो. त्याने जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे नवी प्लेट तीन मिलिमीटरच्या आसपास असते आणि २.६ च्या खाली गेली की बदलायची. माझ्या जुन्या पाचही प्लेटा २.८ च्या वर निघाल्या. स्प्रिंगांची लांबीही बरोबर. म्हणजे प्लेटा गेल्याच नव्हत्या! मग स्लिप का होत होता? त्याने क्लचची दांडी दोन बोटांनी हलवून दाखवली. दांडीला टोकाशी सेंटिमीटरभर तरी मोकळी हालचाल पाहिजे. पंधरा-वीस दिवसांपूर्वी दांडी ढिली लागते म्हणून मीच केबल ताणून ती हालचाल शून्यावर आणली होती. केबल कायम ताणलेली, म्हणजे क्लच कायम थोडा दाबलेला, म्हणून स्लिप. एक पाना आणि दोन मिनिटांचं काम होतं. गाडी न बघता "प्लेटा गेल्याच" म्हणणाऱ्याने मला फसवलं, हे खरंच. पण मीही बघितलं नव्हतं.

मिस्तरीने आतलं सगळं धुतलं, नवं पॅकिंग, नवं ऑइल आणि जुनाच क्लच परत बसवला. गाडी आजही त्याच जुन्या प्लेटांवर चालते आहे.

मग मी जळगावला गेलो. उडालेल्या प्लेटा त्याच पोळ्यांच्या डब्यात घालून. मालकाने डबा उघडून पाहिला आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवलं: फिट केलेला माल परत नाही. मी म्हटलं, फिट केल्याशिवाय कळणार कसं? तर म्हणे, "कोणत्या मिस्तरीने बसवलं?"

"मीच बसवलं."

त्याने शेजारी बसलेल्याकडे बघितलं. "मग झालं तर."

त्यानंतर माझं काहीच चालेना. ऑइल चुकीचं टाकलं असेल, म्हणे, चारचाकीचं ऑइल टाकलं की प्लेटा सरकतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी ऑइलचा रिकामा डबा सोबत नेला होता, त्यावर जासो एमए२ छापलेलं आहे, म्हणजे ओल्या क्लचला चालणारं. तो वाचायला त्याने चष्मा लावला नाही. मग प्लेटा भिजवल्या नसतील. मग स्प्रिंग वाकडी कसली असेल. घरी काम करणाऱ्याकडे साक्षीदार नसतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शेवटी म्हणाला, "आणि हा माल आमचाच कशावरून?" गुलाबी चिठ्ठी मी पुढे केलीच नाही. तिच्यावर होतं काय?

तिथून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. पार्ट काउंटरवरच्या मुलाने डब्यावरचा पार्ट नंबर कॉम्प्युटरवर टाकला. तो नंबर दुसऱ्याच मॉडेलच्या क्लच केबलचा निघाला. मग त्याने खऱ्या सेटचा डबा शेजारी ठेवला. खऱ्या डब्यावर किंमत, माल बनवल्याचा महिना आणि वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता, ग्राहकाने तक्रार कुठे करायची तो फोन, सगळं होतं. पॅकबंद मालावर हे असायलाच लागतं, २०११ च्या वजन-मापाच्या नियमांत आहे. माझ्या डब्यावर महिना नव्हता, फोन नव्हता, पत्त्याच्या जागी नुसतं 'मेड इन इंडिया'. होलोग्रामची कड नखाने उचलली तर अख्खा अलगद निघून आला. हे सगळं दुकानाच्या काउंटरवर उभं राहून अर्ध्या मिनिटात बघता आलं असतं. पार्ट नंबर तर फोनवरूनही विचारता येतो.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकलं आणि मला जे अपेक्षित होतं तेच विचारलं: बिल आहे का? नाही म्हणताना जिनिंगमधल्या माझ्या टेबलाची आठवण झाली. पण पैसे फोनवरून दिल्याची नोंद होती, तारीख-वेळेसह. डब्याचे, प्लेटांचे, जाळीचे फोटो होते, मिस्तरीने त्याच्या बिलावर 'मसाला निघाला, प्लेट डुप्लिकेट' असं लिहून सही केली होती. त्यावर तक्रार नोंदवली गेली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्याशा रकमेला फीही लागत नाही, त्यामुळे तो रस्ता अजून उघडा आहे. एक सांगतो, रोख दिले असते तर हातात काहीच नसतं. आणि प्लेटा रागाने फेकल्या असत्या तरीही नाही.

पंधरा दिवसांनी दुकानातून फोन आला. आवाज आता गोड होता. "भाऊ, तक्रार कशाला केली, आपण घरचेच आहोत. पैसे परत देणं जमत नाही, पण तेवढ्याचा दुसरा माल घेऊन जा." गेलो. मालकाने काउंटरवर पुढच्या-मागच्या ब्रेक लायनरचा सेट ठेवला. वर चेन लुब्रिकंटची बाटली भेट म्हणून. ज्याच्या क्लचने घाटात बायकोसमोर उभं केलं, त्याच्याच हातचे ब्रेक!

"ओरिजनल आहेत का?" मी विचारलं.

"डबा बघा ना भाऊ."

मी डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि बाहेर आलो.