झीटा माझी, अल्फा साडूंची: जिम्नीचे चौदा हजार किलोमीटर

मारुतीची जिम्नी घ्यायची हे ठरलेलं होतं. वाद होता तो खालचं व्हेरिएंट झीटा की वरचं अल्फा एवढाच, आणि तो मिटला नाही म्हणून मी झीटा घेतली आणि साडूंनी अल्फा. दोन्ही मॅन्युअल, २०२३च्या ऑगस्टमध्ये, आठ दिवसांच्या अंतराने. आज माझी चौदा हजार किलोमीटर झाली आहे, त्यांची सोळा. वेल्ह्याच्या पुढे आमची सामायिक शेतजमीन आहे, त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच चिखलात चालतात. एकमेकांच्या गाड्याही आम्ही भरपूर चालवल्या आहेत.

आधी पैशाचं. आम्ही घेतली तेव्हा झीटा १२.७४ लाख आणि अल्फा १३.६९ लाख होती, एक्स-शोरूम. फरक ९५ हजारांचा. पण दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १२ टक्के रोड टॅक्स, तो या ९५ हजारांवरही लागतो, म्हणजे आणखी ११,४००. वर थोडा इन्शुरन्स. ऑन-रोड फरक तेव्हाचा एक लाख दहा हजार धरून चाला.

एका शोरूममध्ये पोराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "सर, झीटामध्ये फोर बाय फोर पूर्ण नाही, ऑफरोडिंग करायचं तर अल्फाच." साफ खोटं. १४६२ सीसीचं इंजिन तेच, लॅडर फ्रेम तीच, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल तेच, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स तोच, लो रेंजचा लिव्हरही तोच. टायरचं माप दोन्हीला १९५/८० आर १५. सहा एअरबॅग दोन्हीला. एखादं चाक हवेत गेलं की त्यालाच ब्रेक लावून जोर जमिनीवरच्या चाकाकडे पाठवणारी यंत्रणाही दोन्हीला आहे. आमच्या बांधाजवळच्या चढावर माझं मागचं डावं चाक दर वेळी उचललं जातं. ते क्षणभर गरगरतं, खालून खर्रर्र असा आवाज येतो आणि गाडी मुंगीसारखी वर सरकते. साडूंची अल्फा तिथेच तसाच आवाज करते. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी: ४एच म्हणजे चारही चाकांना नेहमीच्या वेगात जोर, ४एल म्हणजे लो रेंज, वेग कमी पण जोर जास्त. ४एच चालत्या गाडीत टाकता येतो, ४एलला गाडी थांबवावी लागते, आणि कोरड्या डांबरावर दोन्ही टाकायचे नाहीत.

मग लाखभर रुपये जातात कुठे? एलईडी हेडलाइट आणि ते धुणारा पाण्याचा फवारा, फॉग लॅम्प, लोखंडीऐवजी अलॉय चाकं, सातऐवजी नऊ इंची स्क्रीन, क्रूझ कंट्रोल, ऑटो एसी, बटण स्टार्ट. स्क्रीनबद्दल माझं काही म्हणणं नाही, फोन दोन्हीला जोडला जातो. किल्ली फिरवून गाडी सुरू करायला मला आजवर कष्ट पडलेले नाहीत. क्रूझचं महत्त्व मात्र मी कमी लेखलं होतं. साडूंचं नागपूरला जाणं-येणं असतं, समृद्धीवर त्यांना त्याचा फार उपयोग होतो. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो आणि निम्मं अंतर चालवलं, तेव्हा पटलं. अर्थात पाचव्या गिअरला शंभरच्या वेगात इंजिन तीन हजारांच्या वर फिरत असतं, ते दोन्हीकडे सारखंच कानाला लागतं. क्रूझ पायाला आराम देतो, कानाला नाही.

अलॉयचं उलटं झालं. नोव्हेंबरमध्ये ओढा ओलांडताना मी एका दगडावर गाडी जरा जोरातच घातली, चूक सर्वस्वी माझी. माझ्या लोखंडी रिमची कड आत वळली आणि हवा जायला लागली. स्टेपनी लावून नसरापूरला आलो. पंक्चरवाल्याने टायर उतरवला, रिम आडवी ठेवली, खाली लाकडाचा ओंडका घेतला आणि घणाचे दहा-बारा ठोके मारले. मग कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं, पुन्हा दोन ठोके, आणि झालं काम. तीनशे रुपये, वर चहा त्यानेच पाजला. ती रिम आजही गाडीला आहे. साडूंनी त्याला सहज विचारलं, "माझं अलॉय असं वाकलं तर?" तो म्हणाला, "साहेब, त्याला मी हात लावणार नाही. पुण्याला न्यायचं." तेव्हापासून साडू त्या ओढ्यात आधी उतरून दगड बघतात.

आता माझ्या चुकीबद्दल. हेडलाइट. झीटाचे हॅलोजन शहरात पुरतात, हायवेला चालून जातात, आणि मी टेस्ट ड्राइव्ह दुपारी बारा वाजता घेतली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात केळदकडून रात्री परत येत होतो. पाऊस, धुकं, रस्त्याला पट्टे नाहीत, कडेला खाचरं, आणि चिखलणीवरून परतणाऱ्या ट्रॅक्टरांनी सगळ्या रस्त्यावर राड केलेली. पुढे साडू होते, त्यांच्या चाकांचा चिखल माझ्या काचेवर आणि दिव्यांवर. वायपरने काच पुसली जाते, दिवे कोण पुसणार? अर्ध्या तासात दोन वेळा थांबून, बाटलीतलं पाणी ओतून, फडक्याने दिवे पुसले. दुसऱ्या वेळी साडूंनी गाडी थांबवली, खिडकीतून डोकं काढलं, फवारा मारून स्वतःचे दिवे धुतले आणि म्हणाले, "काय हो, फडकं ओलं आहे तोवर माझी मागची काच पण घ्या पुसून." हा फवारा मी ब्रोशरमध्ये वाचून हसलो होतो.

नंतर मी फॉग लॅम्प बसवून घेतले, रिले आणि वेगळ्या वायरिंगसह. धुक्यात फरक पडतो, पण घाटातल्या वळणावर लांबचा उजेड काही त्यांनी येत नाही. हॅलोजनच्या घरात बाजारातले एलईडी बल्ब टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि समोरून येणारा बहुधा आमच्याच गावचा असतो, म्हणून टाकले नाहीत.

ज्या गोष्टी दोघांनाही सारख्याच खटकतात त्यांना व्हेरिएंटचा इलाज नाही. माणसं चारच. डिकी २०८ लिटर, म्हणजे खताचं एक पोतं ठेवलं की मागची सीट पाडावीच लागते. मायलेज मला शहरात १२, हायवेला १५ मिळतं, साडूंचंही तेवढंच.

आणि टायर. दोन्हीला कंपनीचे टायर डांबरी रस्त्याचे. गाड्या नव्या असताना भाताच्या खाचराशेजारच्या चढावर आधी मी अडकलो, मला काढायला आलेले साडू माझ्यामागे अडकले. खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत चकतीसारखा होतो, मग ४एल असो की आणखी काही. टायरची हवा अठरा पीएसआयवर आणली तेव्हा कुठे उलटे बाहेर निघालो. माझ्याकडे लाखभर वाचलेले होते, त्यातून ए/टी, म्हणजे डांबर आणि चिखल दोन्हीला चालणारे ऑल-टेरेन टायर घ्यायचे ठरवले. त्याच मापाचे मिळवायला दोन महिने गेले, चारांना छत्तीस हजारांच्या आसपास लागले. डांबरावर आता थोडी घरघर येते आणि मायलेज अर्ध्या किलोमीटरने उतरलं.

परवाच्या रविवारी त्याच चढावर मी ४एलमध्ये, दुसऱ्या गिअरला, न थांबता वर गेलो. साडू मध्यावर अडकले. दोर लावून त्यांना ओढून घेतलं. दोर सोडताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "टायर कुठून घेतले म्हणालात?"

परतायला अंधार पडला, पाऊसही लागला. चेलाडी फाट्यापर्यंत मी त्यांना पुढे घातलं आणि त्यांच्या उजेडात मागून आलो.